वाचकांचे प्रश्न : परक्या राजछत्राखालील ज्यू वस्त्या

प्रश्न : बॅबिलोनला नेलेले ज्यू तिथे गुलामीत खितपत पडले होते, असेच आम्ही वाचत आलो. तसे असेल तर इराणच्या सायरस राजाने परतीची मोकळीक दिल्यावरही त्यांच्यातले इतके लोक तिथेच का राहिले? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपल्या मनातले चित्र बायबलमधल्या स्तोत्रांतल्या विलापावरून आलेले आहे. तो विलाप खोटा नाही, परंतु मातीच्या कीलाक्षरी फलकांवरचे हिशेब काही निराळेच सांगतात. बॅबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याने इ.स.पू. ५९७ मध्ये यहूदाचा, म्हणजे जेरुसलेमभोवतालच्या ज्यू राज्याचा, राजा यहोयाखीन याला धरून नेले आणि पुढे दहा-अकरा वर्षांनी जेरुसलेम शहर व तिथले मंदिर जाळले. बॅबिलोनच्या राजवाड्यात शिधावाटपाचे काही फलक सापडले आहेत. त्यांपैकी एकावर इ.स.पू. ५९२ हे साल येते. यहोयाखीनला आणि त्याच्या पाच मुलांना किती तेल द्यायचे, याची नोंद या फलकांवर आहे. राजा नजरकैदेत असला तरी कोठारातल्या कारकुनाने त्याची ‘यहूदाचा राजा’ ही पदवी तशीच ठेवलेली दिसते.

सामान्य माणसांना मात्र ओस पडलेल्या किंवा नव्याने पाण्याखाली आणायच्या जमिनींवर वसवले गेले. ‘अल-याहुदू’, म्हणजे यहूदाचे गाव, या नावाच्या वस्तीतले फलक २०१४ मध्ये मोठ्या संख्येने प्रसिद्ध झाले. ते पुराणवस्तूंच्या बाजारातून आलेले असल्यामुळे ते नेमके कुठे खणून काढले, हा प्रश्न राहतोच. पण त्यांतला सर्वांत जुना फलक इ.स.पू. ५७२ चा आहे, म्हणजे जेरुसलेम पडल्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांचा. जव आणि खजूर यांची देणीघेणी, बैलांचे व्यवहार, वारसांच्या वाटण्या, सारा भरल्याच्या नोंदी असा त्यांतला मजकूर आहे. जमीन कसायची आणि तिच्या बदल्यात राजाला एक धनुर्धारी पुरवायचा किंवा तेवढी चांदी मोजायची, अशा अटीवर या लोकांकडे जमिनी होत्या. आपल्याकडे सरंजाम आणि चाकरी यांची जी सांगड होती, तिची ज्यांना ओळख आहे त्यांना ही व्यवस्था समजायला जड जाऊ नये. हे लोक गुलाम नव्हते, आणि सर्वस्वी मोकळेही नव्हते.

या फलकांतला एक माणूस माझ्या कायम लक्षात राहतो. एका कागदात त्याचे नाव बेल-शर-उसुर, म्हणजे ‘बेल देवा, राजाचे रक्षण कर’, असे येते आणि दुसऱ्या कागदात याहू-शर-उसुर असे; बेल हा बॅबिलोनचा देव, याहू ज्यूंचा. देवाचे नाव बदलते, पण राजाच्या रक्षणाची प्रार्थना दोन्हीकडे कायम राहते. राजा खुशाल असेल तर आपली जमीन आपल्याकडे राहील, हा हिशेब तिथल्या प्रत्येक कुटुंबाला पाठ असणार. यिर्मया संदेष्ट्याने बॅबिलोनच्या निर्वासितांना पत्र पाठवून घरे बांधा, बागा लावा आणि ज्या नगरात नेले आहे त्या नगराचे हित चिंता, असे सांगितले होते. या लोकांनी तेच केले. इ.स.पू. ५३९ मध्ये सायरसने बॅबिलोन घेतले तोवर दोन पिढ्या उलटून गेल्या होत्या, आणि जेरुसलेम ही आजोबांच्या बोलण्यातली जागा झाली होती.

निप्पूर येथे १८९३ मध्ये मुराशू या सावकारी घराण्याचे दप्तर सापडले. ते इ.स.पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले आहे आणि त्यातही ज्यू नावे बऱ्यापैकी येतात. त्यांपैकी गदल-याम नावाचा माणूस इराणचा राजा दुसरा दारियस याच्या कारकिर्दीच्या प्रारंभी, राजाच्या हुकुमावरून उरुकला चाकरीवर जाण्यासाठी या घराण्याकडून घोडा, लोखंडी चिलखत, १२० बाण आणि वाटखर्चासाठी एक मीना चांदी घेतो. परतीची मुभा असूनही लोक का राहिले, याचे उत्तर अशा कागदांत आहे : शेत होते, कर्ज होते, चाकरी होती.

प्रश्न : जेरुसलेमखेरीज दुसरीकडे ज्यूंनी मंदिर बांधू नये, असा दंडक होता ना? मग इजिप्तमधल्या बेटावर त्यांचे मंदिर होते हे कसे? आणि ते पाडले कोणी? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : आपण ज्या बेटाविषयी विचारता ते एलिफंटाइन; घारापुरीच्या एलिफंटाशी त्याचा घोटाळा करू नये. इजिप्तच्या दक्षिण सरहद्दीवर, आजच्या अस्वान शहरासमोर, नाईलच्या पहिल्या धबधब्याजवळ ते आहे. अरामी भाषेतल्या कागदांत त्याचे नाव ‘येब’ असे येते. इथे सरहद्दीच्या राखणीसाठी ज्यू शिबंदी होती. इ.स.पू. ५२५ मध्ये इराणच्या कंबुजीय राजाने इजिप्त जिंकले त्यापूर्वीच तिथे ‘याहो’ देवाचे मंदिर उभे होते, आणि कंबुजीयने इजिप्शियन देवळे पाडली तेव्हा आमच्या मंदिराला कोणी हात लावला नाही, असे या लोकांनी पुढे एका अर्जात अभिमानाने लिहून ठेवले आहे. दंडकाचे म्हणाल, तर एकाच ठिकाणी यज्ञ करण्याचा नियम या लोकांच्या गावीही नव्हता असे दिसते. निदान आपण काही वावगे करत आहोत, अशी शंका त्यांच्या एकाही पत्रात डोकावत नाही. मंदिरासाठी माणशी दोन शेकेल चांदीची वर्गणी गोळा केल्याची यादी मिळाली आहे. त्या यादीच्या शेवटी याहोच्या जोडीने एशेम-बेथेल आणि अनत-बेथेल या देवतांच्या नावेही रक्कम टाकलेली आहे. पुढच्या काळच्या धर्मशास्त्राच्या मापाने या वस्तीला मोजू गेलो तर ती आपल्याला मुळीच कळणार नाही.

मंदिराच्या शेजारीच ख्नूम या मेंढ्याचे मस्तक असलेल्या देवाचे देऊळ होते आणि त्याचे पुजारी स्थानिक इजिप्शियन होते. त्यांच्या दृष्टीने ही ज्यू शिबंदी म्हणजे इराणी राजाच्या तिजोरीतून चांदी आणि धान्य उचलणारी परकी माणसे. त्यातच इ.स.पू. ४१९ मध्ये हनन्या नावाच्या ज्यू माणसाने येबच्या पुढाऱ्यांना एक पत्र पाठवले. राजाकडून इजिप्तचा क्षत्रप, म्हणजे इराणी सुभेदार, अर्शाम याला निरोप आला असल्याचा त्यात उल्लेख आहे, आणि निसान महिन्याच्या १५ पासून २१ तारखेपर्यंत बेखमीर भाकरीचा सण कसा पाळायचा, याच्या सूचना आहेत. पपायरस फाटलेला असल्यामुळे राजाचा नेमका हुकूम हरवला आहे. एका लहानशा वस्तीच्या सणासंबंधीच्या पत्रात राजाचे आणि क्षत्रपाचे नाव यावे, हे मात्र लक्षात घेण्याजोगे आहे. त्याचा परिणाम काय झाला, हे दुसऱ्या एका पत्रात आडपडदा न ठेवता लिहिलेले आहे : हनन्या इजिप्तमध्ये आल्यापासून ख्नूम आमच्या विरोधात आहे. राजाची कृपा जेवढी उघड झाली, तेवढा शेजाऱ्यांचा डूख वाढला.

इ.स.पू. ४१० मध्ये अर्शाम राजाच्या भेटीस गेला. तो देशाबाहेर असताना ख्नूमच्या पुजाऱ्यांनी विद्रंग नावाच्या इराणी अधिकाऱ्याला लाच दिली आणि त्याच्या मुलाने, तो समोरच्या सुएने ठाण्याचा सेनाधिकारी होता, शिपाई आणून मंदिर पाडले. तक्रारअर्जात दगडी खांब, तासीव दगडांचे पाच दरवाजे, काशाच्या बिजागऱ्या, देवदाराचे छत आणि लुटून नेलेली सोन्याचांदीची पात्रे हे सर्व एकेक करून नोंदलेले आहे; नुकसानभरपाईचा पंचनामा लिहावा तसा. त्यानंतर आम्ही तरट नेसून उपास करतो, अंगाला तेल लावत नाही, मद्य घेत नाही आणि आमच्या बायका विधवांसारख्या झाल्या आहेत, असेही त्यांनी लिहिले.

जेरुसलेमच्या मुख्य याजकाला पाठवलेल्या पत्राला उत्तरच आले नाही. मग येबचा पुढारी यदन्या आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर ४०७ मध्ये यहूदाचा इराणी सुभेदार बागोही याला अर्ज केला, आणि आम्ही शेजारच्या शोमरोन प्रांताचा सुभेदार सनबल्लट याच्या मुलांनाही कळवले आहे, असे त्यात हळूच नमूद केले. ही ओळ लिहिणारा माणूस दरबारी राजकारणात मुरलेला होता, यात मला शंका वाटत नाही, कारण यहूदा आणि शोमरोन यांचे हाडवैर त्याला चांगले ठाऊक असणार. बागोही आणि सनबल्लटचा मुलगा दलाया यांनी मिळून तोंडी निरोप दिला आणि तो टिपून ठेवला गेला : मंदिर पूर्वीच्या जागी बांधावे, अन्नबली आणि धूप पूर्वीप्रमाणे अर्पण करावेत. पशूंच्या होमबलीचा त्यात उल्लेख नाही. तो का गाळला, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणी जेरुसलेमचा मान राखला म्हणतात, कोणी मेंढ्याच्या पूजकांना डिवचू नये म्हणून म्हणतात. येबच्या पाच पुढाऱ्यांना मात्र इशारा पुरेसा होता. त्यांनी स्वतःहून लिहून दिले की मेंढा, बैल किंवा बोकड जाळला जाणार नाही, आणि मंदिर झाले तर आमच्या स्वामींच्या घरी चांदी व एक हजार अर्दाब (धान्याचे एक माप) जव पोचते करू. लाच देऊन पाडलेले मंदिर पुन्हा उभारण्यासाठी दिलेली ही रक्कमही लाचच होती की रीतसर नजराणा होता, हे ज्याने त्याने ठरवावे. इ.स.पू. ४०२ च्या एका खरेदीखतात चतुःसीमा सांगताना याहोचे मंदिर येते, त्या अर्थी ते पुन्हा उभे राहिले असावे. पण तोवर इजिप्तने इराणविरुद्ध बंड पुकारले होते, आणि इ.स.पू. ३९९ च्या सुमारानंतर या वस्तीचा एकही कागद मिळत नाही. ज्याच्या चाकरीसाठी ती वसली होती तो मालकच निघून गेला होता.

प्रश्न : येबच्या ज्यू वस्तीत स्त्रियांना मालमत्ता ठेवता येत असे आणि घटस्फोट मागता येत असे, हे खरे का? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : खरे आहे. मंदिरात सेवक असलेला अनन्या बेन अझर्या याने इ.स.पू. ४४९ मध्ये तामेत नावाच्या इजिप्शियन स्त्रीशी विवाह केला, तेव्हा ती मशुल्लाम नावाच्या दुसऱ्या ज्यू माणसाची दासी होती. करारात तिने आणलेले सामान मोजले आहे : एक लोकरी वस्त्र, एक आरसा, पायताणांचा एक जोड, थोडे सुगंधी तेल आणि एरंडेल. इतकी गरिबी असूनही त्यात कलम आहे की, पती किंवा पत्नी यांपैकी कोणीही सभेत उभे राहून ‘मी हिचा त्याग करतो’ किंवा ‘मी याचा त्याग करते’ असे जाहीर करू शकेल, आणि करणाऱ्याने ठरलेली चांदी भरावी. पुढे अनन्याने एका कास्पियन जोडप्याकडून १४ शेकेलला घर घेतले. त्याच्या शेजारी खळाळत्या पाण्यात नाव हाकणारा एक इजिप्शियन नावाडी राहत होता आणि राजरस्त्यापलीकडे याहोचे मंदिर होते. या घराचा एक भाग अनन्याने तामेतच्या नावे करून दिला. मशुल्लामने तामेत आणि तिची मुलगी यहोइश्मा यांना दास्यमुक्त केले ते मात्र लग्नानंतर २२ वर्षांनी, आणि तेही दोघींनी आपली व आपल्या मुलाची लेकीप्रमाणे सेवा करावी, या अटीवर. सावलीतून उन्हात सोडले, असे त्या लेखातले शब्द आहेत. यहोइश्माचे लग्न इ.स.पू. ४२० मध्ये झाले तेव्हा तिच्या हुंड्याची किंमत ७८ शेकेलच्या वर गेली होती. एका पिढीत कुटुंब कुठून कुठे आले, हे त्यावरून कळते.

प्रश्न : अलेक्झांड्रियात इ.स. ३८ मध्ये दंगल झाली तेव्हा रोमन राज्यकर्त्यांनी ज्यूंना वाचवले की मारले? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दोन्ही. इजिप्तच्या ग्रीक टॉलेमी राजांच्या काळापासून ज्यू तिथे राजाश्रयाने राहत होते, तिसऱ्या टॉलेमीच्या नावाने त्यांनी प्रार्थनास्थळे अर्पण केल्याचे शिलालेख आहेत. रोमन सम्राट ऑगस्टसने इजिप्त घेतल्यावर डोईपट्टी बसवली, आणि मग कोण ग्रीक नागरिक आणि कोण इजिप्शियन, हा प्रश्न पैशाचा आणि अब्रूचा झाला, कारण नागरिकाला पट्टी माफ होती. याच सुमाराचा, इ.स.पू. पाच-चारचा एक अर्ज उपलब्ध आहे. हेलेनोस नावाच्या ज्यू माणसाने त्यात प्रथम स्वतःला ‘अलेक्झांड्रियन’ म्हटले होते; ते खोडून त्यावर ‘अलेक्झांड्रियातला ज्यू’ असे लिहिलेले दिसते. ते कोणी खोडले हे महत्त्वाचे नाही. त्या शहरातल्या पुढच्या पन्नास वर्षांचा झगडा त्या खाडाखोडीत आहे.

इ.स. ३८ मध्ये ज्यू राजा अग्रिप्पा शहरात आला तेव्हा जमावाने व्यायामशाळेत काराबास नावाच्या एका वेड्याला राजाचा वेष चढवून त्याची थट्टा केली, आणि पाठोपाठ प्रार्थनास्थळांत सम्राट कॅलिग्युलाचे पुतळे बसवा, अशी ओरड झाली. सुभेदार फ्लॅकस हा आधीच्या सम्राटाचा माणूस होता. नव्या सम्राटाच्या मर्जीतून उतरण्याची त्याला धास्ती होती आणि शहरातल्या ग्रीक पुढाऱ्यांच्या पाठिंब्याची गरज होती. त्याने ज्यूंना परके ठरवले. शहराच्या पाच भागांपैकी चार भागांतून हुसकावून त्यांना एका भागात कोंडले गेले, घरे लुटली गेली. फायलो हा तत्त्वज्ञ स्वतः तिथला रहिवासी होता. त्याच्या सांगण्याप्रमाणे ज्यूंच्या वडीलधाऱ्यांच्या मंडळातल्या ३८ जणांना नाट्यगृहात फटके मारण्यात आले. फायलोला आणखी एक गोष्ट बोचली : पूर्वी अलेक्झांड्रियाच्या ज्यूला शिक्षा झाली तर ती नागरिकांप्रमाणे सपाट पट्ट्यांनी होत असे, या वेळी इजिप्शियनांसाठी असलेले चाबूक वापरले. एवढ्या कत्तलीत हे त्याला आवर्जून लिहावेसे वाटले! आज वाचताना ते खटकते, आणि त्या इजिप्शियनांबद्दल त्याच्या मनात काय होते, हेही त्यातून लपत नाही.

फ्लॅकसला पुढे अटक झाली, अँड्रोस बेटावर हद्दपारी झाली आणि शेवटी त्याला ठार मारण्यात आले. फायलो शिष्टमंडळ घेऊन कॅलिग्युलाकडे गेला, हाती काही लागले नाही. इ.स. ४१ मध्ये नवा सम्राट क्लॉडियस याने जे पत्र पाठवले ते सुभेदाराने जाहीर केले आणि त्याची एक नक्कल पपायरसवर उरली आहे. ज्यूंना ऑगस्टसच्या काळाप्रमाणे त्यांचे आचार पाळू द्यावेत, असे त्यात ग्रीकांना बजावले आहे. ज्यूंना मात्र सांगितले आहे की तुमचे स्वतःचे नसलेल्या शहरात तुम्ही पुष्कळ काही भोगता, त्याहून अधिक मागू नका, व्यायामशाळेच्या खेळांत घुसू नका, सिरियातून माणसे आणवू नका. नाही तर सगळ्या जगाला रोग लावणाऱ्यांप्रमाणे तुमचा बंदोबस्त करीन. पिढ्यान्‌पिढ्या तिथे जन्मलेल्या माणसांना हे शहर तुमचे नव्हे म्हणून सुनावणारा हा सम्राट त्यांचा रक्षणकर्ताच समजला जात होता.

प्रश्न : ज्यूंवरचा रोमन कर नेमका कसा होता? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : जेरुसलेमचे मंदिर उभे होते तोवर प्रत्येक प्रौढ ज्यू पुरुष वर्षाला अर्धा शेकेल तिकडे पाठवी, आणि ही रक्कम प्रांतांबाहेर जाते म्हणून रोमन अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत ती खुपे. आशिया प्रांताच्या (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या) सुभेदाराने ती जप्त केली होती, इ.स.पू. ५९ मध्ये रोमन वकील सिसरोने त्याचा बचाव करताना अपामेआत शंभर पौंडांना थोडे कमी आणि लाओदिकेआत वीस पौंडांहून थोडे अधिक सोने मिळाल्याचे सांगितले. ऑगस्टसने पुढे या वर्गणीला संरक्षण दिले. इ.स. ७० मध्ये मंदिर जळल्यावर सम्राट व्हेस्पेशियनने तोच पैसा रोममधल्या ज्युपिटरकडे वळवला. मात्र आता पुरुषच नव्हे, तर बायका आणि तीन वर्षांवरची मुलेही त्यात आली, माणशी दोन द्राख्मा. वरच्या इजिप्तमध्ये एडफू येथे खापरांवर लिहिलेल्या या कराच्या पावत्या सापडल्या आहेत. सम्राट डोमिशियनच्या काळी वसुली इतकी निर्लज्ज झाली की नव्वद वर्षांच्या म्हाताऱ्याची सुंता झाली आहे का, हे भर न्यायालयात तपासताना आपण तरुणपणी पाहिले, असे इतिहासकार स्वेटोनियस सांगतो. पुढचा सम्राट नेर्वा याने इ.स. ९६ मध्ये या खोट्या आरोपांचा जाच बंद केल्याचे नाणे पाडले. कर बंद केला नाही.

एडफूच्या पावत्या इ.स. ११६ मध्ये थांबतात. इ.स. ११५ ते ११७ या काळात सायरिनी, इजिप्त आणि सायप्रसमध्ये ज्यूंनी बंड केले आणि सम्राट ट्रेजनच्या सेनापतीने ते असे चिरडले की इजिप्तमधली बहुतेक ज्यू वस्ती नाहीशी झाली. या विजयाचा वार्षिक उत्सव इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस गावात त्यानंतर सुमारे ८० वर्षांनीही साजरा होत होता.

प्रश्न : आपल्या कोकणातले बेने इस्राएल याच काळात आले का? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : नौगावजवळ जहाज फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ही कथा आपण ऐकलीच असेल. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समाजाचा इतिहास लिहिला, आणि हे स्थलांतर इ.स.पू. १७५ च्या सुमारास नेले. पण ही परंपरा आहे. तिला त्या काळातल्या लेखाचा आधार नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो फरक असा की, येब किंवा अलेक्झांड्रियाच्या ज्यूंप्रमाणे शनिवार तेल्यांनी (बेने इस्राएलांचे गावातले नाव) कुठल्या सम्राटाच्या सनदेवर आपले स्थान उभे केलेले नव्हते. गावगाड्यात घाण्याचे काम करायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचा, सुंता आणि शेमा ही प्रार्थना जपायची, एवढ्यावर ते टिकले. त्यामुळे येबसारखे कागद त्यांनी मागे ठेवले नाहीत, आणि शेजाऱ्यांच्या हातून मंदिर पाडले गेल्याची तक्रारही त्यांना कुणाकडे करावी लागली नाही.

प्रश्न : येबचे कागद आज कुठे पाहायला मिळतात? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : मंदिराविषयीची पत्रे १९०६ ते १९०८ या काळातल्या जर्मन उत्खननात निघाली आणि ती बर्लिन व कैरो येथे विभागलेली आहेत. क्लॉडियसचे पत्र लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आहे. अनन्या आणि तामेत यांचे दप्तर अमेरिकन संशोधक चार्ल्स विल्बर यांनी १८९३ मध्ये अस्वानला विकत घेतले होते. १८९६ मध्ये ते वारले आणि हे गुंडाळे त्यांच्या पेटीतच पडून राहिले. विल्बर यांच्या मुलीच्या मृत्युपत्राने ते १९४७ मध्ये ब्रुकलिन संग्रहालयात आले आणि १९५३ मध्ये वाचून प्रसिद्ध झाले. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर त्यांची छायाचित्रे पाहता येतात. तामेतच्या विवाहकराराचा नोंदणी क्रमांक ४७.२१८.८९ असा आहे.